तिपाईचे तीन दगड

आमच्या घरात आंघोळ करायची तर आधी अण्णांची परवानगी लागे, कारण न्हाणीघर हीच त्यांची अंधारी खोली होती. खिडकीवर जाड काळं कापड ठोकलेलं, दाराच्या फटींत चिंध्या कोंबलेल्या, कोनाड्यात लाल काचेचा कंदील आणि पाण्याच्या हंड्याशेजारी ओळीनं मांडलेली चिनी मातीची तबकं. त्या तबकांना हात लावायचा नाही हा घरातला पहिला नियम. देवघरातल्या देवांना आम्ही भावंडं एवढं भीत नव्हतो. अण्णा आत असले की आई बाहेरून ओरडायची, "अहो, पोरांना शाळा आहे," आणि आतून आवाज यायचा, "काच धुतोय, थांबा जरा." ती काच धुऊन होईपर्यंत गिरणीचा दुसरा भोंगा होऊन जायचा आणि आम्ही पायांवर दोन तांबे ओतून पळायचो. साखर पेठेतलं ते घर लहानच होतं. पुढची खोली स्टुडिओ, मागच्या दोन खोल्यांत संसार, आणि मधल्या दारात कायम हायपोचा वास. काचेवर आलेलं चित्र टिकावं म्हणून ती ज्या औषधात बुडवायची ते हे हायपो. आई म्हणायची, तुमची चित्रं टिकतात आणि माझी आमटी नासते. आमटी कधीच नासलेली नसायची. शेंगाचटणीचा आणि तव्यावरच्या भाकरीचा वास त्या हायपोला पुरून उरायचा. पण आईला भांडायला काहीतरी हवं असायचं, आणि अण्णांशी भांडणं सोपं नव्हतं, कारण ते उत्तरच द्यायचे नाहीत.

दोन्ही बाजूंना तेलुगू विणकरांची घरं. उजाडायच्या आत माग सुरू व्हायचे ते दिवेलागणीपर्यंत. खट्‌खट् खट्‌खट् असा तो आवाज भिंतीतून जमिनीत आणि जमिनीतून आमच्या अंथरुणात यायचा. पाहुण्यांची पहाटेची झोप मोडायची म्हणून ते तक्रार करायचे. आम्हाला उलट सणासुदीला माग बंद असले की चुकल्यासारखं व्हायचं. आज माझ्या खोलीतला पंखा जरा कुरकुरतो. सुनेनं दोनदा माणूस बोलावला दुरुस्तीला, मी दोन्ही वेळा परत पाठवला. तिला कारण सांगितलेलं नाही, आता इथं वाचेल.

मी थोरली. मराठी शाळा संपली तशी मी घरी बसले आणि अण्णांच्या हाताखाली टचिंग शिकले. तिरप्या मेजावर काच ठेवायची, खालून आरशानं उजेड घ्यायचा, शिसपेन्सिलीला सुईसारखं टोक काढायचं आणि चेहऱ्यावरचे डाग, सुरकुत्या, डोळ्यांखालचे खड्डे बारीक ठिपक्यांनी भरून काढायचे. एका फौजदाराच्या तोंडावरचे देवीचे व्रण मी असे घालवले की त्याच्या बायकोनं फोटो घरात लावू दिला नाही म्हणे, हा परका माणूस कोण म्हणून. माझी बोटं मात्र औषधांनी काळीकरडी झाली होती. "उद्या बघायला आले की हात पदराखाली ठेव," असं आई मला आठवड्यातून एकदा तरी ऐकवायची.

अण्णांचं या बाबतीतलं शास्त्र ठरलेलं होतं. माणसाच्या तोंडावरचा डाग त्याचा स्वतःचा, त्याला नको असेल तर काढून द्यावा. पण घर, झाड, जमीन, आभाळ यांतलं काही काढायचं नाही आणि काही घालायचं नाही. यावरून एकदा चांगलीच पंचाईत झाली होती. एका गिरणीचा फोटो काढला त्या दिवशी बॉयलर बंद होता, चिमणीतून धूर नव्हता. तेव्हा धूर म्हणजे भरभराट. धुराशिवायची गिरणी म्हणजे दिवाळं निघालेली गिरणी. गिरणीचा कारकून घरी येऊन अजिजीनं म्हणाला, थोडा धूर काढून द्या, तुमच्या मुलीचा हात छान आहे. अण्णा म्हणाले, "चिमणी सुरू करा, मी परत येतो." आईनं त्या दिवशी भाकऱ्या जरा जोरातच थापल्या. मला तर दोन मिनिटांचं काम होतं आणि धूर काढायला मला फार आवडलं असतं. पण अण्णा दुसऱ्या खेपेला गेले, धुराची वाट बघत उन्हात बसले आणि खराखुरा धूर घेऊन आले.

बहुधा त्याच हट्टामुळे त्यांना पुढचं मोठं काम मिळालं. अक्कलकोटच्या वाटेला गावाबाहेर एका गिरणीची नवी शेड आणि तिला पाणी पुरवायला तलाव व्हायचा होता. मालक मुंबईला. काम कुठवर आलं ते त्यांना दर दोन-तीन महिन्यांनी डोळ्यांनी बघायचं होतं. इंजिनिअरसाहेब घरी आले, पानसुपारी झाली, आणि अण्णा एकदम बोलते झाले. म्हणाले, दर वेळी एकाच जागेवरून काढतो, एकाच उंचीवरून, सकाळच्या त्याच उन्हात. म्हणजे पहिला फोटो आणि शेवटचा फोटो शेजारी ठेवले की मधे काय काय झालं ते न सांगता दिसेल. साहेबांना ते पटलं. अण्णा इतके खुशीत मी फारसे कधी पाहिले नाहीत. लग्नमुंजी आणि मयताचे फोटो काढून ते कंटाळले होते. रात्री जेवताना आईला म्हणाले, "जमीन बदलताना कुणी बघितली नाही अजून. सगळे आधी बघतात नाहीतर नंतर बघतात." आई म्हणाली, "ताक वाढू का?"

पहिल्या दिवशी टांग्यातून आम्ही दोघं गेलो. काचांची पेटी मांडीवर घेऊन बसायला भरवशाचं माणूस हवं होतं आणि माझ्या भावाला टांग्यात झोप लागायची. गाव सुटलं की माळ सुरू झाला. सपाट, तांबूस, मुरमाड माळ. कुसळी गवत, चार-दोन बाभळी, आणि मधून वाहणारा एक ओढा. ओढ्याच्या वरच्या अंगाला दगड रचून केलेला मेंढरांचा कोंडवाडा होता आणि शेजारी पालासारखं खोपट. ते मळव्वाचं. मळव्वा धनगराची बाई, चाळिशी ओलांडलेली, कपाळभर कुंकू, हातात कोपरापर्यंत बांगड्या. नवरा घर सोडून गेलेला, मोठा मुलगा अर्धी मेंढरं घेऊन लांब चारणीला जायचा आणि उरलेली ही सांभाळायची. तिची सासू, सासूची सासू तिथंच मेंढरं बसवायच्या. कागदावर ती जमीन कुणाची हे तिला कधी कुणी विचारलं नव्हतं आणि आता विचारून उपयोग नव्हता, कारण गिरणीनं ती घेतलेली होती. ओढ्याच्या वाळूत तिनं खणलेली बुडकी होती. वाटीएवढा झरा, पण उन्हाळ्यातही आटायचा नाही. माणसं आणि मेंढरं तिच्यावरच जगत होती.

अण्णांनी माळभर फिरून जागा पसंत केली ती नेमकी कोंडवाड्याच्या कडेची. तिथून ओढा, बाभळी आणि लांबवर जुन्या गिरणीची चिमणी एका नजरेत येत होती. पुन्हा याच जागी कॅमेरा उभा करायचा तर खूण हवी. म्हणून त्यांनी तिपाईच्या तीन पायांखाली तीन दगड पुरले, निम्मे आत, निम्मे वर, आणि लांबून ओळखू यावेत म्हणून मी त्यांना गेरू फासला. मळव्वा काठीवर हनुवटी टेकून सगळं बघत होती.

"बा अव्वा, बा," तिनं मला जवळ बोलावलं. कानडी आणि मराठी तिच्या तोंडात एकत्रच नांदायची. "काय बसवताय हितं?"

"इथून बघायचंय. दर वेळी इथूनच."

"कोन बघनार?"

मी कॅमेऱ्याच्या भिंगाकडे बोट दाखवलं. तिनं वाकून भिंगात डोकावून पाहिलं आणि मागं सरली. "येकच डोळा हाय की," म्हणाली.

आता त्या वेळी आम्ही काय करत होतो ते बघणाऱ्याच्या डोळ्यांनी बघितलं पाहिजे. अण्णा तिथं पोचले की आधी वहाणा काढायचे, धूळ उडू नये म्हणून. मग मी तांब्यानं त्या दगडांभोवती पाणी शिंपडायची, तेही धुळीसाठी. दगडांवर माती बसलेली असली तर धुऊन काढायची आणि गेरू पुसट झाला असला तर नवा लावायची. मग अण्णा दगडांवर तिपाई ठेवून डोक्यावर काळं कापड घ्यायचे आणि वाकून बराच वेळ तसेच राहायचे. बाहेर आले की हात वर करून सगळ्यांना गप्प करायचे, भिंगाचं टोपण काढायचे, ओठातल्या ओठात काहीतरी पुटपुटायचे. ते 'एक, दोन' मोजत असत, पण लांबून ते कुणाला कळावं! मग टोपण लावून श्वास सोडायचे आणि हसायचे. तोवर तलावाच्या खोदाईला लांबलांबून आलेली वडार मंडळी माळावर पालं ठोकून राहिली होती. त्यांनी हे सगळं दर खेपेला पाहिलं.

चौथ्या का पाचव्या खेपेला आम्ही गेलो तर आमच्या दगडांना शेंदूर लागलेला. पुढं फोडलेला नारळ, लिंबू, हिरव्या बांगड्या, एका काठीला बांधलेलं फडकं. अण्णा वहाणा काढून तसेच उभे राहिले. मला हसू आवरेना आणि हसलं तर पाप लागेल अशी भीतीही वाटत होती. मळव्वा खोपटातून बाहेर आली.

"मळव्वा, हे कुणी केलं?" अण्णांनी विचारलं.

"माजी मेंढी ह्याच जागी जुळी व्याली. दोनी जगली," ती म्हणाली. "मग त्या वडाराच्या बायका आल्या. एकीच्या पोराचा ताप उतरला म्हनं. आता रोज येत्यात."

"अगं पण हे आम्ही ठेवलेले दगड. कॅमेऱ्याच्या पायाखालचे."

"ठावं हाय की. माज्या म्होरंच ठिवलं तुमी." तिच्या चेहऱ्यावर जराही गोंधळ नव्हता. "कुनीतरी ठिवल्याबिगर देव येतोय कुटनं?"

आता तिपाई कुठं ठेवावी हाच प्रश्न. देवाच्या डोक्यावर पाय कसे द्यायचे? शेवटी मळव्वाच म्हणाली, "ठिवा की. त्येचंच हाय ते." अण्णांनी दगडांना हात लावून तो छातीला लावला आणि मग तिपाई ठेवली. परतताना टांग्यात ते एकटेच हसत होते. घरी सांगितल्यावर आईनं मात्र हसणं सोडून विचारलं, "नैवेद्य काय ठेवतात?" आणि पुढच्या खेपेला डब्यात दोन धपाटी जास्तीची घातली, तिकडे ठेव म्हणून. आईचं असंच होतं. तिला अण्णांच्या फोटोंपेक्षा तो देव जास्त समजला.

दरम्यान माळ बघता बघता खाली चालला होता. तलावाच्या बांधाला मुरूम हवा होता आणि तो याच माळाचा काढत होते. पहिल्या फोटोत जिथं गवत होतं तिथं दुसऱ्यात चर होते, तिसऱ्यात खड्डा होता, चौथ्यात गाढवांच्या रांगा मुरूम वाहत होत्या. बाभळी तोडल्या. ओढ्याचं तोंड बांधानं अडवलं. मी घरी त्या प्रती ओळीनं मांडून बघायची. मला त्या माळाचं वाईट वाटायचं आणि बघायचा मोहही व्हायचा. हे दोन्ही एकाच वेळी कसं वाटतं याची मला तेव्हा लाज वाटे. आता वाटत नाही. शेड उभी राहिली तर पेठेतल्या शंभर घरांत चूल पेटणार होती, आमच्या शेजारच्या विणकराचा धाकटाही तिथं लागायची वाट बघत होता. मळव्वाचं काय होणार याचा विचार फोटोत कुठं येत नव्हता.

उन्हाळा सरत आला तशी खोदाई कोंडवाड्यापाशी आली. शेवटचा मुरूम तिथलाच काढायचा असं नकाशात होतं. मुकादमानं रेघ मारली आणि वडारांनी कुदळी खाली ठेवल्या. देवाची जागा खणणार नाही म्हणाले. मुकादमानं शिव्या दिल्या, जास्त मजुरी देऊ केली, कशाचा उपयोग झाला नाही. पाऊस तोंडावर होता आणि बांध पुरा झाला नाही तर पहिल्याच पुरात वाहून जाणार होता. इंजिनिअरसाहेब स्वतः आमच्या घरी आले. माणूस वाईट नव्हता, पण दिवस दिवस उन्हात काम करून त्यांचा चेहरा ओढलेला होता.

"तुम्हाला यायलाच हवं," ते अण्णांना म्हणाले. "ते दगड तुमचे आहेत हे तुम्ही त्यांना सांगा. माझं ऐकत नाहीत. तुमचं ऐकतील, तुम्हीच त्यांचे पुजारी."

अण्णा म्हणाले, "खरं ते सांगेन."

साहेब गेले. आईनं पोळपाट-लाटणं बाजूला ठेवलं. "काही सांगायची गरज नाही," ती म्हणाली. "आजारी आहे म्हणून कळवा. ती बाई कुठं जाईल मेंढरं घेऊन?"

"विचारलं तर खोटं कसं सांगू?"

"धूर काढून देत नाही ते समजलं. पण हे धुरासारखं आहे का?"

अण्णा उत्तर देत नसत हे मी वर सांगितलंच आहे. त्या दिवशी त्यांनी उत्तर दिलं नाही ते त्यांच्याकडे उत्तरच नसल्यामुळे, हे माझ्या पहिल्यांदाच लक्षात आलं. मी मनातून आईच्या बाजूची होते. अण्णांनी एकदाच, फक्त एकदाच खोटं बोलावं असं मला मनापासून वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही गेलो. तिकडे सगळे जमलेच होते. एका बाजूला साहेब आणि मुकादम, दुसऱ्या बाजूला कुदळी-पाट्या घेतलेले वडार, बायकापोरांसकट. त्यांचा म्होरक्या यल्लप्पा म्हणून एक पांढऱ्या मिशांचा माणूस होता. मळव्वा कोंडवाड्याच्या भिंतीला टेकून उभी. आत मेंढरं ओरडत होती, कारण त्यांना चरायला सोडलं नव्हतं. ती सोडली आणि जागा मोकळी दिसली तर लगेच खणतील अशी तिला धास्ती होती. अण्णांनी सवयीनं वहाणा काढल्या. मुकादम म्हणाला, "बघा, बघा," आणि साहेबांनी त्याला गप्प केलं.

"हे दगड मी ठेवले," अण्णा मोठ्यानं म्हणाले. "कॅमेरा पुन्हा त्याच जागी ठेवता यावा म्हणून. गेरू माझ्या मुलीनं लावला. यात दुसरं काही नव्हतं. मला विचारलं म्हणून खरं ते सांगतो."

मी मळव्वाकडे बघितलं नाही, मला बघवेना. साहेबांनी सुस्कारा सोडला आणि ते मुकादमाला खूण करणार तेवढ्यात यल्लप्पा पुढं आला.

"तुमी ठिवलं?"

"हो."

"बरं. मग तुमीच उचला की. ज्यानं बसवलं त्यानं उठवलं तर आमाला दोष न्हाय. तुमी उचला, आमी खनतो."

वडारांच्या बायकांनी माना हलवल्या. यल्लप्पाचं म्हणणं अगदी सरळ होतं, त्यात वादाला जागा नव्हती. साहेब म्हणाले, "झालं तर मग. उचला, आणि संपवा एकदाचं."

अण्णा दगडांपाशी गेले. वाकले. शेंदराचे थर चढून ते दगड आता गुळगुळीत, फुगीर झाले होते. माझा गेरू कुठं आतल्या आत राहिला होता. अण्णांनी पहिल्या दगडाला दोन्ही हात लावले आणि ते तसेच राहिले. काळ्या कापडाखाली ते जसे वाकून राहत तसेच. मी त्यांच्या पाठीकडे बघत होते. कोटाच्या शिवणीपाशी घामाचा डाग वाढत होता. मग ते उठले, हाताला लागलेला शेंदूर धोतराला पुसला आणि म्हणाले, "माझ्यानं उचलवत नाही."

"जड आहेत का?" साहेबांनी विचारलं.

"नाही. जड नाहीत."

मला वाटलं आता साहेब चिडतील. पण त्यांनी आभाळाकडे पाहिलं, बांधाकडे पाहिलं आणि मुकादमाला म्हणाले, "सोडा तेवढं. भोवतीनं खणा." आणि घोड्यावर बसून निघून गेले. मळव्वानं आम्हाला तांब्याभर ताक आणून दिलं. आभार वगैरे मानायची तिची रीत नव्हती. "प्या," एवढंच म्हणाली, आणि मेंढरं सोडायला गेली.

अण्णांचं ते काम गेलं. पुढचे फोटो काढायला पुण्याहून माणूस आला आणि त्यानं शेडच्या छपरावरून काढले. घरात काही दिवस ओढाताण झाली. पण आई त्यांच्याशी भांडायची थांबली, आणि त्यामुळे अण्णाच जास्त अस्वस्थ झाले. मला अण्णांचा अभिमान वाटत होता. खोटंही बोलले नाहीत आणि मळव्वाची जागाही राहिली; माझ्या त्या वयात गोष्ट इथंच संपायला हवी होती.

पण वडारांनी सांगितलं तसंच केलं, भोवतीनं खणलं. कोंडवाडा, खोपट, तीन दगड एवढा तुकडा सोडून चारी बाजूंचा मुरूम दोन पुरुष खोल उचलला. पाऊस पडला, तलाव भरला. मळव्वाची बुडकी पाण्याखाली गेली. तलावात पाणी मोप होतं, पण ते रंगखात्याचं आणि बॉयलरचं, काठाला तारेचं कुंपण. आणि तो तुकडा उंच राहिला, चहूकडून उभे कडे. माणूस चढायचं कसंबसं, मेंढरू नाही. एक-दोन कोकरं घसरून पडली. जमीन वाचली ती कुणाला उपयोगी पडणार नाही अशी वाचली, हे अण्णांना मी सांगायच्या आधीच कळलं होतं. ते वरचेवर चालत तिकडे जायचे आणि परत यायचे.

तिथं आता टेकडी आहे. पायऱ्या आहेत, वर सिमेंटचं देऊळ आहे, भोवती वस्ती झाली आहे. मागं नातवानं मला हौसेनं नेलं होतं. पुजाऱ्यानं सांगितलं, ही टेकडी पुरातन आहे, साक्षात देवानं निवडलेली. माझ्या कपाटात अण्णांनी याच जागेवरून काढलेला पहिला फोटो आहे आणि त्यात कुठं उतार नाही. आहे तो नुसता सपाट माळ. टेकडी कुणी घातली नाही, तिच्या भोवतीचा सगळा मुलूख काढून नेला. मी पुजाऱ्याला काही म्हटलं नाही, पाय दुखत होते. त्या देवळात आता जे दगड आहेत ते आमचे नव्हेत हेही सांगितलं नाही.

कारण आमचे दगड मळव्वानं नेले. थंडीचे दिवस होते. तिच्या मुलानं अण्णांना निरोप दिला की आई निघाली, भेटून जा. आम्ही गेलो. अण्णांनी कॅमेरा बरोबर घेतला होता, कुणी सांगितलं नव्हतं तरी. खाली वाटेवर मेंढरं जमवलेली, एक तट्टू, त्याच्यावर भांडी, मेंढरं कोंडायची वाघर म्हणजे जाळी, बांधलेल्या कोकरांची पिशवी. मळव्वा वर होती. आम्ही कॅमेरा घेऊन, कड्याला हात टेकत टेकत वर चढलो. ती पहारीनं पहिला दगड हलवत होती. तो सैल झाला तसा तिनं तो दोन्ही हातांनी काढला आणि घोंगड्यावर ठेवला. मग दुसरा. मग तिसरा. जरा धापा टाकत होती, बाकी काही नाही. अण्णा बघत होते. त्यांच्याच्यानं जे झालं नव्हतं ते तिनं केलं, आणि तिला ते अवघड गेलं नाही.

"कुठं ठेवणार?" अण्णांनी विचारलं.

"जितं पानी गावंल तितं. मेंढरं न्हाईत तर ह्येनं हितं बसून काय करायचं?" तिनं घोंगड्याची गाठ मारली. मग जरा थांबून म्हणाली, "तुमची खून न्हेतीय मी. चालंल न्हवं?"

अण्णांनी मान हलवली. ते घोंगड्याचं एक टोक धरून तिच्याबरोबर खाली उतरले, तट्टूवर ओझं नीट बसवायला. मी वर एकटीच राहिले. जमिनीत तीन खळगे होते, ताजे, ओलसर. मी तिपाई उघडून तिचे पाय त्या खळग्यांत ठेवले. ते बरोबर बसले. कॅमेरा चढवून कापडाखाली गेले तेव्हा उलटं चित्र दिसलं, वर तलाव, खाली आभाळ, आणि बांधाच्या कडेनं निघालेली मेंढरं. मी तोवर एकही फोटो काढला नव्हता, नुसते लोकांचे चेहरे सुधारले होते. काच सरकवली, टोपण काढलं आणि मोजलं.

रात्री न्हाणीघरात अण्णांनी ती काच लाल कंदिलासमोर धरली. तलाव, बांध, शेड, नवी चिमणी, सगळं धारदार आलं होतं. काचेवर काळ्याचं पांढरं उमटतं; मळव्वाची मेंढरं काळी, म्हणून ती पांढरी यायला हवी होती. तिथं नुसता एक फिकट ओघळ होता. मेंढरू ओळखू येत नव्हतं, तट्टू नाही, बाई नाही. मला रडू फुटलं. मी म्हटलं, "अण्णा, ती आलीच नाही हो."

अण्णांनी काच पाण्यात सोडली. "ती चालत होती," ते म्हणाले. "थांबलेलं तेवढंच आपल्याला काढता येतं." आणि माझ्या डोक्यावर ओला हात ठेवून ते तसेच उभे राहिले.